साचा, ओतकाम आणि छताचा कठडा

शास्त्रपाठ : निर्गम ३५:३०-३५, अनुवाद २२:८



पाड्यांवरच्या मुलांसाठी दिलेल्या दानातून सिलिकॉन आणि पॉलियुरेथेनचे डबे कशाला, असं मंडळीतल्या दोघातिघांनी मला विचारलं. शिलाई यंत्र किंवा वह्या-पुस्तकं समजतात. जुन्या मोटारींचं रबर कुणाच्या कल्याणाचं? प्रश्न रास्त आहे, म्हणून या वेळचा पाठ त्याच कामावर घेते.

आधी मोटारीबद्दल. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी पुढे काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मुंबईभर धावली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली आणि वीस वर्षांच्या नियमाप्रमाणे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. खासगी पद्मिनी मात्र हौशी लोकांनी जपून ठेवल्या आहेत. त्यांना पेडलचं रबर, वायर जाते त्या भोकाचं ग्रोमेट, दाराचे आणि बॉनेटचे बफर लागतात. जुना भाग हातात घेतला तर बिस्किटासारखा तुटतो, आणि नवा सहज मिळत नाही. खरं रबर घडवायला पोलादी साचा, उष्णता आणि दाब हवा. पॉलियुरेथेन मात्र दोन द्रव मिसळून ओतलं की साध्या खोलीत घट्ट होतं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या आणि आरेतल्या वारली, मल्हार कोळी मुलांना हे काम जमेल असं वाटलं ते यामुळेच.

साचा असा होतो. मूळ भाग स्वच्छ धुऊन, झिजलेली जागा पुट्टीने भरून घासून घ्यायची. हे नीट झालं नाही तर प्रत्येक नगात तीच झीज उतरते. मग ॲक्रिलिकच्या तुकड्यांची पेटी करून भाग अर्धा मॉडेलिंग क्लेमध्ये बसवायचा. कडेने पेनाच्या मागच्या टोकाने खळगे करायचे, म्हणजे दोन्ही अर्धे पुढे एकमेकांत अचूक बसतात. वरून सिलिकॉनची बारीक धार एकाच कोपऱ्यात सोडायची. ते स्वतः चढत जातं आणि हवा बाहेर ढकलतं. दुसऱ्या दिवशी पेटी उलटी करून क्ले काढायची, सिलिकॉनच्या तोंडावर व्हॅसलिन लावायचं (सिलिकॉन सिलिकॉनलाच धरतं) आणि दुसरा अर्धा ओतायचा. प्लॅटिनमवर घट्ट होणारं सिलिकॉन असेल तर गंधक असलेली क्ले चालत नाही, लॅटेक्सचे हातमोजेही नाहीत. तिथे ते चिकटच राहतं. आमच्यातल्या दोन मुलांनी गणपतीच्या कारखान्यात रबराचा साचा आणि त्याची प्लास्टरची खोळ हाताळली होती. त्यांना हे मला समजावून सांगावं लागलं नाही, उलट त्यांनीच इतरांना शिकवलं.

बसालेलाविषयी आपण नेहमी ऐकतो की देवाने त्याला कारागिरीसाठी आत्म्याने भरलं. पण त्याच उताऱ्यात पुढे आहे की त्याला आणि अहलियाबाला शिकवण्याचीही बुद्धी दिली होती. हे वाक्य आपण घाईत ओलांडतो. कौशल्य दानासारखं वरून खाली येतं अशी आपली सवयीची समजूत, आणि इथे पाड्यावरचा मुलगा शिक्षक होतो.

ओतकामात मुख्य शत्रू पाणी. पॉलियुरेथेनच्या दोन भागांपैकी आयसोसायनेटचा भाग हवेतल्या ओलाव्याशी मिसळून कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि आतून फुगे धरतात. जुलैतल्या मुंबईत तर हे अटळच. म्हणून डबा उघडला की लगेच बंद, ढवळायला लाकडी काडीऐवजी प्लास्टिकची, आणि साचा आधी बल्बच्या उबेत कोरडा करून घेतलेला. मिश्रणातली हवा काढायला फ्रीजच्या जुन्या कॉम्प्रेसरचा पंप वापरतो. दोन्ही भागांचं वजन डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच हवं. अंदाजे घेतलं तर तुकडा कुठे मऊ, कुठे ठिसूळ. लेवीयाच्या पुस्तकातली खऱ्या तागडीची आज्ञा मुलांना मी याच काट्यासमोर शिकवते.

एक नियम आम्ही फार कडक ठेवला आहे. साचा घरी करायला हरकत नाही, ओतकाम मात्र केंद्रातच, पंखा आणि मुखवटा लावून. आयसोसायनेटची वाफ फुप्फुसाला एकदा बाधली की पुढे थोड्याशा वासानेही दमा उठू शकतो, आणि पाड्यावर एकाच खोलीत चूल, अंथरूण, तान्हं मूल असतं. त्यामुळे आयांनी साचे घरी घासून द्यायला सुरुवात केली, ही चांगलीच गोष्ट झाली.

पावसाळ्यापूर्वी एक गृहस्थ आले. पुढच्या चाकांच्या सस्पेन्शनचे बुश हवे होते, चार गाड्यांचे, पैसे आगाऊ. मुलांच्या दोन महिन्यांच्या मजुरीइतकी रक्कम होती. असे बुश पॉलियुरेथेनचे बाजारात मिळतात, हेही खरं. पण ते किती धक्के सोसतील हे तपासायचं यंत्र आमच्याकडे नाही. ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकाला धरून ठेवणारा कुठलाही भाग करायचा नाही असं आमचं ठरलेलं. एक मुलगा म्हणाला, “ताई, आपण नाही केलं तर दुसरा कुणी करेलच ना.” दुसरा म्हणाला, “घरी भाडं नाही, पण खाणारी सात माणसं आहेत.” मी उत्तर दिलं नाही. अनुवाद २२:८ काढून त्यालाच वाचायला दिलं : नवं घर बांधशील तर छताला कठडा कर, नाहीतर कुणी पडलं तर रक्ताचा दोष घरावर येईल. तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, “म्हणजे पडणारा आपल्या ओळखीचा नसला तरी?”

गृहस्थांना नकार कळवायला तोच गेला. ते काम दुसरीकडे गेलं, पैसेही गेले. दोन महिने ओढीचे गेले आणि एक मुलगा बिगारीवर परतला. सध्या पाचजण आहेत. पेडलच्या रबराचे दोन साचे झाले आहेत, दाराच्या बफरचा तिसरा क्लेमध्ये अर्धा बसवून ठेवला आहे. हवा कोरडी झाली की ओततील.