रॅम घ्यायचीय? आधी इकडे ये

अगं, नवी पेठेत जायची एवढी घाई कशाला? आधी कॉम्प्युटर चालू कर आणि रोजच्यासारखं सगळं उघड. टॉवेलच्या जकार्डची नक्षी, फोटोशॉप, ब्राउझरमधले ते तुझे ढीगभर टॅब, शिवाय व्हॉट्सॲप, कारण कारखानदार नमुन्याचे फोटो तिथेच टाकतात. आता कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर जा आणि मेमरी बघ.

मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच ठाण मांडून बसली, तर रॅम घेच. तेव्हा डिस्कही शंभरावर दिसेल, पण घाबरू नकोस. रॅम पुरली नाही की विंडोज उरलेलं ओझं डिस्कवर टाकतं. मेमरी मात्र निम्मी मोकळी आणि डिस्क तेवढी धापा टाकतेय, तर रॅमचे पैसे पाण्यात. तुझ्याकडे अजून ती जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे ना? मग एसएसडी घे, फरक पहिल्याच दिवशी कळेल.

त्याच मेमरीच्या पानावर खाली रॅमचा वेग आणि किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. मोबाइलवर फोटो काढ. कॅबिनेट उघडून बोर्डाच्या नंबरचाही काढ. बोर्ड जास्तीत जास्त किती रॅम घेतो, ते त्या नंबरावरून कंपनीच्या साइटवर सापडतं.

डीडीआर३, ४ आणि ५ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ४ आणि ५ दोन्हींना २८८ पिना, पण मधली खाच वेगळ्या ठिकाणी. बसत नसेल तर अंगठ्याने रेटायचं नाही, बोर्ड जाईल. लॅपटॉपची आखूड स्टिकही उचलून आणू नकोस. ऑनलाइन स्वस्त दिसणाऱ्या काही डीडीआर३ स्टिका फक्त एएमडीवर चालतात. तुझं इंटेल आहे, तेव्हा वर्णन शेवटपर्यंत वाच.

आधीची ८ जीबीची एकच स्टिक असेल, तर तसलीच आणखी एक घाल, पण बोर्डाच्या माहितीपत्रकात सांगितलेल्या स्लॉटमध्ये. मग दोन स्टिका जोडीनं चालतात, म्हणजे प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते. २६६६ वेगाच्या स्टिकच्या जोडीला ३२००ची आणलीस, तर बहुधा दोन्ही कमी वेगाने चालतील. म्हणून जास्त वेगासाठी जास्त पैसे मोजू नकोस. तुझ्या कामाला १६ जीबी पुरे. ३२ घ्या म्हणणाऱ्याला, कशासाठी ते विचार.

भाव ऐकून दचकशील हं. २०२५च्या अखेरीपासून रॅम भडकलीय. एआयच्या डेटा सेंटरना इतकी मेमरी लागते, की कंपन्यांनी आपला मोर्चा तिकडे वळवलाय. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा क्रुशिअल ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मागच्या वर्षीचं कोटेशन हातात घेऊन भांडू नकोस. माझं विचारशील तर सेकंडहँड रॅमही चालेल. तिच्यात फिरणारं, झिजणारं काही नसतं. फक्त घेतल्या दिवशी विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक चालवून बघ. नवी घेतलीस तर बिल तुझ्याच नावाचं. ‘बिल नको, थोडं कमी करतो’ याला भुलू नकोस, वॉरंटी त्याच कागदावर असते.

आणखी एक, आपल्यातच ठेव. काउंटरवर प्रश्न तू विचारतेस आणि दुकानदार उत्तर देतो सोबत आलेल्या आमच्या जावईबापूंना. चिडू नकोस, मोबाइलवरचे फोटो पुढे सरकव. समोरचा लगेच कामाचं बोलू लागतो. पैसे तुझ्या नक्षीकामाचे आहेत, तेव्हा बोलायचंही तूच.

घरी बसवताना वायर काढ, पॉवरचं बटण एकदा दाबून सोड, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लाव आणि मगच स्टिकला. आपल्याकडे धूळ काय कमी आहे, त्यात तुझ्याकडे टॉवेलच्या नमुन्यांची सुती कुसं! स्लॉट मऊ ब्रशने झाड. स्टिकचे सोनेरी दात मळले असतील तर खोडरबर हलकेच फिरव, चुरा झटक. मग स्टिक बसवताना ‘कट्ट’ आवाज आला पाहिजे.

आणि मशीन डीडीआर३चं निघालं, तर फार खर्च करू नकोस. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि इतकी जुनी मशीनं विंडोज ११च्या यादीत बसत नाहीत. एखादी जुनी ४ जीबीची स्टिक मिळाली तर घाल, तेवढ्यावर वर्ष ढकल आणि उरलेले पैसे नव्या मशीनसाठी बाजूला काढ. फोटो काढलेस की मला पाठव, मी रात्री बघते.