बांधावरची गावठी बोर

प्रश्न (एक वाचक, बिडकीन): बांधावरच्या गावठी बोरी काढून सगळीकडे उमराणची कलमे लावावीत काय?

उत्तर: उमराण ही बाजारात चालणारी जात खरी, परंतु तिची कलमे डोळा भरून तयार होत असल्याने सारी झाडे जनुकीयदृष्ट्या एकसारखी असतात आणि भुरी वा फळमाशीपुढे एकाच वेळी दुबळी ठरू शकतात. याउलट बोरीत परपरागीभवन, म्हणजे कीटकांनी दुसऱ्या झाडाचे पराग आणून घडवलेली फळधारणा, मोठ्या प्रमाणावर होते. त्यामुळे आठोळीतून उगवलेल्या एका बोरीची फळे वाटाण्याएवढी आंबट, तर शेजारणीची लांबट व गोड निघतात. एकाच प्रजातीतील या आनुवंशिक फरकालाच जनुकीय विविधता म्हणतात. बिकानेरची केंद्रीय शुष्क बागवानी संस्था बोरीचे वाण जपते. तथापि बांधावर पिढ्यान्‌पिढ्या चालणारी निवड अशा संग्रहात होत नाही, आणि औद्योगिक क्षेत्रासाठी जमिनी गेलेल्या बिडकीन परिसरात मुळात बांधच किती उरतील, हा खरा प्रश्न आहे. म्हणून चांगल्या फळाची जुनी बोर उन्हाळ्यात छाटून, पावसाळ्याच्या आरंभी तिच्या नव्या फुटीवरचे डोळे गावठी खुंटावर भरावेत. खुंटासाठी आठोळी जागेवरच टोकावी, कारण बोरीचे सोटमूळ खोल जाते आणि उपटून लावलेले रोप सहसा जगत नाही.