प्रिंटर बिघडला की पत्ता चुकला?

इगतपुरीकडे पावसाळ्यात वीज गेली-आली की सोसायटीच्या कचेरीत पीककर्जाचा उतारा अडतो. संगणक चालू, प्रिंटरही चालू, पण कागद निघत नाही. "उद्या या" म्हटले की सभासदाचा दिवस बुडतो. आपण म्हणतो, मशीन बिघडले. पुष्कळदा तसे नसते. वीज आल्यावर राउटर प्रिंटरला नवा पत्ता देतो. शेवटच्या २५ चे ३१ होतात. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारीत बसतो. म्हणून आधी वायर पाहावी. प्रिंटरच्या मेनूतून सध्याचा पत्ता छापून घ्यावा, संगणकातल्या पत्त्याशी ताडावा व चुकला असल्यास दुरुस्त करावा. अडकलेली जुनी कामे रद्द करावीत, नाहीतर एकच उतारा चारदा निघेल. शेवटी राउटरमध्ये तो पत्ता प्रिंटरच्या नावे कायम राखून ठेवावा. मग वीज कितीदा गेली तरी आपला हेलपाटा वाचेल.