दुकानदाराची वही आणि आपली वही

“मिळकतच थोडी, मग शिल्लक पडावी कोठून?” असे खेड्यापाड्यांतील मंडळी आम्हांस वारंवार विचारतात. प्रश्न खरा आहे. ज्याच्या हाती मजुरीचा पैसा बाजारच्या दिवशी येतो आणि त्याच रात्री संपतो, त्यास काटकसरीचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसास उपास शिकविणे होय. म्हणून ह्या पाठात आम्ही एकाच खर्चाविषयी मुख्यतः लिहिणार आहो. तो ताटात दिसत नाही, अंगावर दिसत नाही, तरी वर्षभर घर पोखरीत असतो. तो खर्च उधारीचा.

आमचीच गोष्ट सांगतो. संसाराच्या आरंभी आमच्या घरी किराणा वहीवर येत असे. वही दुकानदाराची, आमच्याजवळ कागदाचा चिटोराही नसे. महिनाअखेर तो आकडा सांगे व आम्ही पैसे मोजीत असू; न पुरल्यास बाकी पुढे ओढली जाई. एकदा आमच्या कुटुंबाने वही मागून पाहिली. एका महिन्यात चहाची पुडी एकोणीस वेळा आली होती, आणि डाळीचा भाव आठवड्याच्या बाजारापेक्षा चढा लावलेला होता. दुकानदाराने आम्हांस लुबाडले असे आम्ही म्हणत नाही. त्याचाही पैसा अडकून पडतो, व त्याची भरपाई तो भावात करून घेतो. चूक आमची की आम्ही भाव विचारीतच नव्हतो. ज्याच्या नावे बाकी आहे, त्याची भाव विचारण्यास जीभ उचलत नाही. वजन कमी वाटले तरी तो गप्प राहतो. उधारीचे मोठे नुकसान ते हेच.

आता थोडे गणित करू. समजा, रोखीने 120 रुपये किलो मिळणारी डाळ उधारीत 126 ला पडली, व पैसे महिन्याने दिले. सहा रुपये ते काय, असे वाटते. पण हे एका महिन्याचे शेकडा 5 व्याज झाले. वर्षाच्या हिशेबाने शेकडा 60. एखाद्या सावकाराने हा दर तोंडाने सांगितला असता तर आपण उंबऱ्यावरूनच परत फिरलो असतो.

मग उधारी एका दिवसात तोडावी काय? ते बहुतेकांस साधणार नाही, व तसा आग्रह धरणारा मनुष्य पुढच्या महिन्यात पुन्हा वहीकडेच वळतो. एकेक जिन्नस सोडवावा. प्रथम चहा-साखर रोखीने आणावी, ती घडी बसली की तेल, मग डाळ. जुनी बाकी ठरावीक हप्त्याने फेडावी आणि तिच्यात नवी भर घालू नये. घरात दुसरी वही ठेवावी व शाळेत जाणाऱ्या मुलाकडून किंवा मुलीकडून तीत तारीख, जिन्नस, वजन, भाव व रक्कम लिहून घ्यावी. लहान पुडी नेहमी महागच असते असेही नाही. काही वस्तूंची पुडी मोठ्या बाटलीहून स्वस्त पडते. पुडीवर वजन व किंमत छापलेली असतात. 10 रुपयांत 70 ग्रॅम मिळाले तर किलोस सुमारे 143 रुपये पडले, एवढा भागाकार मूल सहज करील.

शिधापत्रिकेकडेही पाहावे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा 5 किलो, व अंत्योदय कुटुंबास 35 किलो धान्याचा हक्क दिला. 2023 च्या जानेवारीपासून हे धान्य विनामूल्य झाले. तरी घरात आलेल्या सुनेचे वा जन्मलेल्या बाळाचे नाव पत्रिकेवर चढविलेले नसते, आणि तेवढेच धान्य आपण उधारीने आणतो!

सरपण, गॅस व दिवा यांविषयी थोडक्यात. कडधान्य रात्री भिजवावे, भांड्यावर झाकण ठेवावे, व उकळी येताच आच कमी करावी. उकळते पाणी मोठ्या जाळाने अधिक तापत नाही. 60 वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जळला तर 30 दिवसांत 9 युनिट वीज खातो. 9 वॅटचा एलईडी दिवा 1.35 युनिट खातो.

एका गोष्टीविषयी मात्र आम्हांस कठोर बोलावेसे वाटते. पुष्कळ घरांत काटकसरीचा आरंभ गृहिणीच्या ताटातून होतो. पुरुषाची तंबाखू चालू राहते आणि मुलांच्या आईची डाळ पातळ होते. ही काटकसर नव्हे. तंबाखूस रोज 10 रुपये लागत असतील तर वर्षाचे 3,650 होतात. जून महिन्यात बियाणे व वह्या-पुस्तके एकदम येऊन उभी राहतात, तेव्हा हीच रक्कम हाती नसल्यामुळे बायकोच्या कानांतील सोने गहाण पडते.

बाकी शून्य झाली की दुकानदाराच्या वहीत आपल्या पानावर आडवी रेघ मारवून घ्यावी, खाली तारीख व त्याची सही घ्यावी, आणि त्याच दिवशी आपल्या वहीतही तशी नोंद करावी.