घटक ४ : स्टुडिओतील व्यक्तिचित्रण – प्रकाश, अंगस्थिती आणि वेशभूषा

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस :
– मुख्य प्रकाश व पूरक प्रकाश यांचे कार्य स्पष्ट करता येईल.
– अंगस्थिती आणि वेशभूषा यांचा व्यक्तिचित्रावर होणारा परिणाम सांगता येईल.
– छायाचित्रातील वर्णाच्या चित्रणामागील जबाबदारी विशद करता येईल.

४.२ प्रास्ताविक

छायाचित्र म्हणजे वास्तवाची जशीच्या तशी नक्कल, असा सर्वसाधारण समज आहे. स्टुडिओत काढलेल्या व्यक्तिचित्राबाबत हा समज तपासून घ्यावा लागतो. तेथे दिवा कोठे ठेवायचा, मान किती वळवायची, कोणते वस्त्र नेसायचे हे सारे आधी ठरवले जाते. लेखक जसा शब्दांची निवड करून व्यक्तिरेखा उभी करतो, तसाच छायाचित्रकार या तीन साधनांनी व्यक्तीविषयी काही विधान करीत असतो. ते विधान प्रामाणिक आहे की नाही, हे ओळखण्यासाठी ही साधने समजून घेणे आवश्यक आहे.

४.३ प्रकाशयोजना

चेहऱ्याला आकार देणारा दिवा म्हणजे मुख्य प्रकाश. तो साधारणपणे कॅमेऱ्याच्या एका बाजूस सुमारे ४५ अंशांवर आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर ठेवतात. त्यामुळे नाकाची सावली गालाच्या सावलीस मिळते व अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली प्रकाशाचा लहानसा त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातील डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या व्यक्तिचित्रांत असा प्रकाश आढळतो. म्हणून या रचनेस त्याचेच नाव मिळाले. सावली फार गडद वाटल्यास विरुद्ध बाजूस पूरक प्रकाश देतात. त्यासाठी दुसरा दिवाच हवा असे नाही; थर्मोकोलचा पांढरा पत्राही पुरेसा होतो.

दोन तत्त्वे लक्षात ठेवावीत. पहिले, प्रकाशाचा स्रोत चेहऱ्याच्या तुलनेत जितका मोठा, तितक्या सावलीच्या कडा मऊ. म्हणूनच उघड्या दिव्यापेक्षा जवळ ठेवलेला सॉफ्टबॉक्स सौम्य भासतो. दुसरे, लहान दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. दिवा चेहऱ्यापासून १ मीटरवर आणि पडदा दिव्यापासून २ मीटरवर असेल, तर पडद्यावर चेहऱ्याच्या एक चतुर्थांश प्रकाश पडतो. तोच दिवा चेहऱ्यापासून ३ मीटरवर नेला, तर पडदा ४ मीटरवर जातो आणि त्यावर निम्म्याहून अधिक प्रकाश पोहोचतो. पडदा न बदलता केवळ दिवा सरकवून पार्श्वभूमी गडद किंवा उजळ करता येते, ती यामुळेच.

४.४ अंगस्थिती

१८३९ मध्ये डागेर याची पद्धती जाहीर झाल्यानंतरच्या काळात चित्र उमटण्यास बराच वेळ लागे. डोके हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावीत. जुन्या चित्रांतील ताठरपणा हा नेहमीच त्या माणसांचा स्वभाव नव्हता. तो पुष्कळदा तंत्राची मर्यादा होती. आज ती मर्यादा नाही. तरीही अनेक चित्रांत अवघडलेपण दिसते. त्याचे कारण बहुधा संकोच हे असते.

खांदे कॅमेऱ्यापासून किंचित वळवावेत, शरीराचा भार एका पायावर द्यावा, हनुवटी थोडी पुढे घ्यावी, हात मोकळे सोडावेत. मात्र या सूचना शब्दांनी वा स्वतः करून दाखवून द्याव्यात. पदर किंवा केस सारखे करायचे असल्यास आधी परवानगी घ्यावी. राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबाद येथे स्त्रियांसाठी स्वतंत्र झनाना स्टुडिओ सुरू केला आणि तेथील काम एका इंग्रज स्त्रीकडे सोपवले. पडदा पाळणाऱ्या स्त्रियांना निःसंकोचपणे चित्र काढून घेता यावे, ही त्यामागची दृष्टी होती. समोरची व्यक्ती निश्चिंत असणे ही चांगल्या अंगस्थितीची पहिली अट होय.

४.५ वेशभूषा

वस्त्राचा विचार प्रकाशासह करावा. जरीचा काठ समोरच्या प्रकाशात चमकून तपशील हरवतो. दिवा बाजूस नेल्यास वीण दिसू लागते. फेट्याची सावली डोळ्यांवर पडत असेल, तर दिवा खाली आणावा. बारीक चौकडीच्या कापडावर डिजिटल कॅमेऱ्यात लाटांसारखे आभासी पट्टे उमटू शकतात. गडद लाल पदराचा रंग परावर्तित होऊन हनुवटीखाली लालसर छटा येते.

जुन्या चित्रांतील वस्त्रे पाहताना सावध राहावे. एकोणिसाव्या शतकातील काचा प्रामुख्याने निळ्या प्रकाशास संवेदनक्षम होत्या. त्यामुळे लाल लुगडे काळसर, तर निळे वस्त्र फिकट उमटे. अशा चित्रावरून वस्त्राच्या रंगाचे अनुमान काढणे धोक्याचे ठरते.

४.६ वर्णाचा प्रश्न

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. परिणामी पांढऱ्या वस्त्रातील व्यक्ती अधिक सावळी, तर काळ्या पडद्यापुढील व्यक्ती अधिक उजळ येते. ही यंत्राची चूक सुधारता येते. परंतु विवाहासाठी काढलेल्या चित्रांत मुलीचा वर्ण मुद्दाम उजळ करण्याची प्रथा ही यंत्राची चूक नव्हे. ती 'तू आहेस तशी चालणार नाहीस' असे त्या मुलीस सांगते. सावळ्या त्वचेचे सौंदर्य खुलवण्यासाठी तिचा रंग पुसावा लागत नाही. मोठा प्रकाशस्रोत बाजूने दिल्यास कपाळ, गालाचे हाड व नाक यांवर हलकी झळाळी येते आणि वर्ण न बदलता चेहऱ्यास उठाव मिळतो.

४.७ सारांश

प्रकाश चेहऱ्याला आकार देतो, अंगस्थिती मनःस्थिती दाखवते आणि वेशभूषा व्यक्तीचा परिसर सांगते. ही तिन्ही साधने समोरच्या व्यक्तीच्या ओळखीशी इमान राखून वापरणे, हे व्यक्तिचित्रणाचे मर्म होय.

४.८ स्वाध्याय

१. दिव्याचे अंतर बदलल्याने पार्श्वभूमी कशी बदलते, ते उदाहरणासह लिहा.
२. 'जुन्या छायाचित्रातील ताठरपणा हा स्वभावाचा पुरावा नव्हे.' चर्चा करा.
३. उपक्रम : घरातील एक जुने स्टुडिओतील छायाचित्र घ्या. नाकाच्या सावलीवरून मुख्य प्रकाशाची दिशा ओळखा. त्यातील वेश व बैठक कोणी ठरवली असावी, याविषयी घरातील वडीलधाऱ्यांशी बोलून दहा ओळींत टिपण लिहा.