तान्ह्या बाळाचे चोंदलेले नाक आणि खोलीतील हवा

दादरा व नगर हवेलीतील सुरंगी परिसरात पावसाळाभर हवा इतकी दमट असते की, बाळाची दुपटीही लवकर वाळत नाहीत. अशा दिवसांत नाक चोंदले म्हणून आर्द्रता वाढविणारे यंत्र लावणे निरर्थक होय. उलट भिंतींना बुरशी धरते. कोरड्या थंडीत त्याचा थोडाफार उपयोग होतो. मात्र ते थंड तुषारांचे असावे व त्यातील पाणी रोज बदलावे. गरम वाफेने अर्भक भाजण्याचा धोका असतो.

हवा शुद्ध करणारे यंत्र धूर व धूळ गाळते. नाकातील शेंबूड काढीत नाही. घ्यावयाचेच झाल्यास हेपा गाळणीचे घ्यावे, ओझोन सोडणारे नव्हे. परंतु ज्या घरात चूल पेटते, तेथे प्रथम बाळाची झोळी चुलीपासून दूर न्यावी. न्हाणानंतर शेगडीवर ओवा-वेखंडाची धुरी देण्याची प्रथा मायेपोटी आलेली खरी, पण तोही धूरच. कापूरही वर्ज्य समजावा.

नवजात अर्भक मुख्यत्वे नाकानेच श्वास घेते. म्हणून दूध पाजण्यापूर्वी औषधाच्या दुकानात मिळणारे सलाईनचे एक-दोन थेंब नाकपुड्यांत सोडावेत.

खरे लक्ष श्वासाकडे हवे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील कार्यकर्त्यांस व दायांस न्यूमोनिया ओळखण्यास शिकविले आणि बालमृत्यू घटले. ते निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. बाळ शांत असता पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत ६० वा अधिक, पुढे वर्षापर्यंत ५० वा अधिक भरल्यास, छाती आत ओढली गेल्यास किंवा बाळाने दूध सोडल्यास यंत्राचा विचार बाजूस ठेवून तत्काळ सेलवासचे शासकीय रुग्णालय गाठावे.