फडातली साधना : शरीर काय सांगते ते ऐकू या



आश्विनातली विजयादशमी हा आपला धम्मचक्र प्रवर्तन दिन. त्या दिवशी वस्तीवर वंदना होते, सायंकाळी विहारात दिवे लागतात. आणि त्याच सुमारास बीड जिल्ह्यात ट्रक-ट्रॅक्टर भरू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पोराबाळांसह पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. परत येतात ती भीमजयंतीच्या मागेपुढे. मधले पाच-सहा महिने वंदना सुटते, पौर्णिमेचा उपोसथ सुटतो. विचारले तर उत्तर मिळते, "तिकडं कुठली साधना? पहाटे चारला उठायचं अन् रात्री गाडी भरून झाली की पडायचं."

हे उत्तर खोटे नाही. पण त्यामागे एक गैरसमज आहे. साधना म्हणजे विहार, मेणबत्ती, शांत जागा आणि अर्धा तास मोकळा वेळ, असे आपण धरून चाललो आहोत. सतिपट्ठान सुत्तात तथागतांनी सजगतेची चार क्षेत्रे सांगितली : काया, वेदना, चित्त आणि धम्म. त्यात बसण्याइतकेच चालणे, उभे राहणे आणि आडवे होणेही आले. खाणे-पिणेही आले. म्हणजे साधनेची पहिली जागा आपले शरीर आहे, आणि ते फडातही आपल्या सोबतच असते.

आपण 'अध्यात्म' हा शब्द सहसा वापरत नाही, कारण आपल्या धम्मात आत्म्याला जागा नाही. आपला शब्द धम्माचरण. ते करायचे ते याच देहाने, याच दिवसात.

सोसणे म्हणजे साधना नव्हे

आपल्या मायबहिणींच्या जिवाशी याचा काय संबंध, ते आता पाहू. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाने समिती नेमली. तिच्या अहवालानुसार, पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कित्येकींचे वय चाळिशीच्या आत होते.

याची कारणे अनेक आहेत. खाडा पडला तर पैसे कापले जातात, म्हणून बाई दुखणे अंगावर काढते. फडात शौचालय नाही, म्हणून ती पाणी कमी पिते आणि लघवी धरून ठेवते. पाळीत स्वच्छतेची सोय नसते. आधी थोडी जळजळ, मग अंगावरून पांढरे जाणे, मग ओटीपोटात कळ. दुखणे असह्य झाल्यावरच ती दवाखान्यात पोचते. तोवर उचल फेडायची घाई असते, आणि कुणी "पिशवी काढली की कटकट मिटेल" म्हटले की ती मान हलवते.

"दुःख आहे असे बुद्धाने सांगितले, मग सोसायचे" असा अर्थ काही जण काढतात. तो चुकीचा आहे. तथागतांनी दुःखाचे कारण आणि दुःखाचा निरोधही सांगितला. मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचे भोग ठरतात, हे मत बाबासाहेबांनी स्पष्ट नाकारले. तेव्हा कंबरदुखी हे नशीब नाही. तिला कारण आहे आणि उपायही आहे. ते कारण वेळेवर ओळखण्याची सवय लावणे, हीच इथे साधना.

दिवसातले चार सराव

पहिला : पहाटे दहा श्वास. कोयता हातात घेण्याआधी कोपीच्या दाराशी बसा किंवा उभे राहा. मनात त्रिसरण-पंचशील घ्या. मग दहा श्वास नुसते पाहा. श्वास ओढायचा नाही, रोखायचा नाही. मन उचलीच्या हिशोबाकडे पळाले तर तेवढे ओळखा आणि पुन्हा श्वासावर या. यालाच आनापानसती म्हणतात. सुरुवातीला एवढे पुरेसे आहे.

दुसरा : मोळी उचलताना. मोळीजवळ आल्यावर एक श्वास थांबा. पाय रोवले आहेत का? कंबरेतून वाकतो आहोत की गुडघ्यांतून? पाठ शक्य तितकी सरळ ठेवून गुडघ्यांतून उठा. मोळी दुसऱ्याने डोक्यावर चढवून दिली तर उत्तम. एका श्वासाने काम मागे पडत नाही, आणि घाईतल्या हिसक्याने धरलेली कंबर आठ दिवस सुटत नाही.

तिसरा : भाकरीच्या वेळी. पहिला घास सावकाश चावा. तहान लागली आहे का, लघवी किती वेळ धरली आहे, हे स्वतःला विचारा. पाणी प्या. दोघी-तिघींनी मिळून आडोसा करावा आणि सोबत जावे. लाज बाळगण्यासारखे त्यात काही नाही. भूक मारायला मिश्री किंवा तंबाखू आणि थकवा मारायला दारू, ही शरीराचे तोंड दाबण्याची साधने आहेत. म्हणूनच पाचवे शील आरोग्याचेही शील आहे.

चौथा : रात्री वेदनेची नोंद. अंग टाकल्यावर पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत मन फिरवा. कुठे सुखद वाटते, कुठे दुखते, कुठे काहीच जाणवत नाही? वेदनेचे हे तीन प्रकार सुत्तात सांगितले आहेत. जिथे दुखते ते ठिकाण जोडीदाराला सांगा. कॅलेंडरवर खूण करा, पाळीची तारीखही लिहा. चार-पाच दिवस एकाच जागी खूण पडली तर वाट पाहू नका, तपासून घ्या.

लघवीला जळजळ, घाण वासाचे पाणी, तापासह ओटीपोटात दुखणे, पाळी नसताना रक्त जाणे, ही चिन्हे दिसताच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. अंगावरून पांढरे जाण्याची बहुतेक दुखणी औषधाने बरी होतात. केवळ तेवढ्यासाठी गर्भपिशवी काढा असे कुणी सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरचा, शक्यतो सरकारी रुग्णालयाचा, सल्ला घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. गावी असाल तर बीडचे जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. अचानक गंभीर झाल्यास १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

एकट्याची नव्हे, दोघांची साधना

कारखान्याच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. पण पहाटे चूल पेटवणारी ती, पाणी आणणारी ती, आणि रात्री भांडी घासणारीही तीच. तिने दहा श्वास कधी पाहायचे? पुरुषांनो, तुमची मैत्री भावना इथून सुरू होऊ द्या. पाण्याचा हंडा तुम्ही आणा. ती "दुखतंय" म्हणाली तर "आता कशाला खाडा" असे म्हणू नका.

आळवी गावची गोष्ट आठवा. हरवलेला बैल शोधून दमलेला, उपाशी शेतकरी धम्म ऐकायला आला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला लावले आणि मगच उपदेश सुरू केला. भुकेल्या, दुखऱ्या देहाकडे दुर्लक्ष करून धम्म सांगता येत नाही, हे त्यांनी कृतीने दाखवले.

हेही लक्षात ठेवू या. सजगतेने फडात शौचालय उभे राहत नाही आणि खाड्याचा दंडही रद्द होत नाही. त्यासाठी संघटनाच हवी. पण आपल्या शरीराला काय होते आहे हे नेमके सांगू शकणारी बाई डॉक्टरपुढे गप्प बसत नाही, आणि मुकादमापुढेही नाही.

या महिन्याचा अभ्यास

१. चारपैकी एकच सराव निवडा आणि पौर्णिमेपर्यंत रोज करा.
२. शेजारच्या दोन कोप्यांना तो शिकवा. रविवारी एकत्र वंदना घ्या, मग प्रत्येकाने आपल्या दुखण्याबद्दल दोन वाक्ये बोलावीत.
३. गटात चर्चा करा : आपण कोणते दुखणे 'सवयीचे' म्हणून सोडून दिले आहे?

गावी राहिलेल्यांनी विहाराचे कुलूप उघडे ठेवावे आणि फडावर गेलेल्यांना आठवड्यातून एक फोन करावा. "पैसे किती झाले?" याआधी "तब्येत कशी आहे?" हे विचारावे.

नमो बुद्धाय, जय भीम.